समेच्या आधी थांबणारं चित्र

तबलजींनी तिहाई उचलली की अण्णा सरसावून बसतात. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. गेल्या श्रावणातल्या एका संध्याकाळी दुसरा तुकडा संपला आणि आमच्या टीव्हीवरचं चित्र थांबलं. गायिकेचा हात हवेत, मधोमध गोल फिरणारं चक्र. सात-आठ सेकंदांनी सगळं पुन्हा सुरू झालं, तिसरा तुकडा आला, समही आली, पण तिच्याकडे नेणारा ताण तुटून गेला होता. अण्णांनी रिमोट खाली ठेवला. "राहू दे गं. असं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं," म्हणाले आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. हे दुरुस्त करायचं, असं मी तिथेच ठरवलं. त्याला पुढे जवळजवळ अडीच महिने लागले.

आम्ही मिरजेत राहतो. घर जुनं आहे. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून कोठीची खोली. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत दगड-मातीची, दोन फूट जाड. अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले. गाणं ते लहानपणापासून ऐकतात. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या मैफलींना ते रात्र-रात्र बसत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाणं घरी आणायचं. डीडी भारतीवर जुनी ध्वनिचित्रमुद्रणं लागतात, पण वेळी-अवेळी. त्यासाठी पुण्याहून दादाने एक जुळणी करून दिली होती. गच्चीवर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची छत्री, तिची वायर कोठीतल्या जुन्या संगणकाला लावलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या ट्यूनरमध्ये. संगणकावर टीव्हीहेडएंड नावाचा प्रोग्रॅम; त्याला वेळ सांगून ठेवली की तो आपोआप रेकॉर्डिंग करून हार्ड डिस्कवर ठेवतो. सोप्यातल्या टीव्हीमागे रास्पबेरी पाय ३ हा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक आणि त्यावर कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम. माजघरात राउटर, म्हणजे वायफायची पेटी. कोठीतल्या फाइली वायफायवरून सोप्यात दिसायच्या. निदान दिसायला हव्या होत्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. संगणकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही, पण मुलांना प्रयोग करायला शिकवते तशी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, एवढं मला येत होतं.

पहिली चूक मात्र वही उघडण्याआधीच झाली. चित्र अडकतंय म्हणजे इंटरनेट मंद आहे, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं. इंटरनेटवाल्यांना फोन केला. त्यांनी ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करायला सांगितलं, आम्ही केला, महिन्याचे पैसे वाढले आणि गायिकेचा हात तसाच हवेत राहिला. दोन-तीन दिवसांनी भांडी घासताना मला लख्ख कळलं की ही फाइल कोठीत आहे आणि टीव्ही सोप्यात. दोघांच्या मध्ये इंटरनेट येतंच कुठे? मी राउटरमधून बाहेरून येणारी फायबरची वायर काढली. घराचं इंटरनेट बंद, वायफाय मात्र चालू. रेकॉर्डिंग लावलं. ते सुरू झालं आणि पूर्वीसारखंच अडखळलं. या एका मिनिटाच्या तपासणीने बाहेरचं सगळं जग संशयितांच्या यादीतून गेलं. हीच तपासणी आधी केली असती तर फोनही झाला नसता. वायफाय आणि इंटरनेट हे दोन शब्द आपण इतके एकात एक मिसळून वापरतो की घरातल्या घरातला रस्ता वेगळा आहे हे डोक्यातच येत नाही.

मग वही उघडली. पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: खराबी फाइलीत आहे की वाटेत?

एक रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, थेट रास्पबेरी पायला लावलं आणि सबंध तासभर पाहिलं. चित्र एकदाही थांबलं नाही. पण दोन ठिकाणी वेगळंच काही झालं: पडद्यावर रंगीत चौकोनी ठोकळे उमटले, आवाज खरखरला आणि गेला. मागे नेऊन पुन्हा पाहिलं तर ठोकळे त्याच जागी, त्याच सेकंदाला. आत्तापर्यंत आम्ही "चित्र बिघडतं" असं एकच वाक्य म्हणत होतो, त्यात दोन निरनिराळे आजार होते. ठोकळे दर वेळी त्याच जागी येत असतील तर ते फाइलीतच कोरले गेलेत, म्हणजे रेकॉर्डिंग होतानाच उपग्रहाकडून येणारा सिग्नल तुटला. चित्र दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर फाइल धड आहे आणि दोष वाटेत आहे. फाइल वायफायवरून येताना तिचा एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो; तो येईपर्यंत चित्र वाट पाहतं, म्हणून थांबतं. उपग्रहाला मात्र कुणी "पुन्हा सांग" म्हणू शकत नाही. गेलं ते गेलं, त्या जागी ठोकळे.

ठोकळ्यांचं काम तुलनेने सोपं निघालं. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येतं, म्हणजे मिरजेतून छत्री आग्नेयेला वर बघते. गच्चीवर जाऊन पाहिलं तर छत्रीच्या टोकाशी वायर जिथे जोडली जाते, त्या जोडावर गंज चढला होता आणि वायरीच्या जाळीत पाणी शिरलं होतं. गल्लीतल्या डिश बसवणाऱ्या मुलाने वायरीचं टोक कापून नवा जोड लावला, त्यावर रबरी टेप घट्ट गुंडाळली आणि खाली येण्याआधी वायरीला एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, जोडापर्यंत यायचं नाही. टीव्हीहेडएंडच्या स्टेटसच्या पानावर चुकांचा आकडा दिसतो. आधी तो तासाला शेकड्यांनी वाढत होता, त्यानंतर दिवसभर शून्यावर राहिला. मुसळधार पावसात आजही थोडे ठोकळे येतात. त्या वारंवारितेच्या लहरी पावसाचे थेंब शोषतातच, त्याला घरातून उपाय नाही.

आता खरा आजार. शाळेच्या संगणक कक्षातून पंधरा मीटरची लॅन केबल दोन दिवसांसाठी मागून आणली. कोठीतला संगणक राउटरला वायरने जोडला, राउटरपासून सोप्यापर्यंत जमिनीवरून दुसरी वायर टाकली. आईला म्हटलं, दोन दिवस जपून चाल. त्या दोन दिवसांत अण्णांनी चार मैफली अखंड पाहिल्या. म्हणजे संगणक धड, डिस्क धड, रास्पबेरी पाय धड. दोष हवेत होता.

ज्यांना वायर टाकणं शक्य आहे त्यांनी वायरच टाकावी, हे मी अगदी मनापासून सांगते. पुढचं सगळं वाचायची त्यांना गरजच नाही. आम्हाला ते पूर्ण जमत नव्हतं. सोप्याच्या भिंतीला भोक पाडायचं म्हटल्यावर गवंड्याने बोटाने माती कोरून दाखवली आणि "हात लावू नका" असं सांगितलं. दारातून वायर न्यावी तर अण्णा काठी टेकत चालतात. वायर परत केली आणि हवेकडे वळले.

वहीत दुसरा प्रश्न लिहिला: मुळात किती लागतं? आमच्या रेकॉर्डिंगची एका तासाची फाइल सुमारे १.४ जीबी भरते. आठने गुणून ३६०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ३ मेगाबिट. बस्स, एवढंच. राउटरच्या खोक्यावर ३०० मेगाबिट लिहिलेलं होतं. ३०० मधून ३ का जात नाहीत?

दादाने फोनवर आयपर्फ नावाचं साधन शिकवलं. दोन यंत्रांमध्ये तो नुसताच डेटा ढकलतो आणि सेकंदा-सेकंदाला किती गेला ते छापतो. लॅन केबलवर दर सेकंदाला ९४ यायचे, रेघ मारल्यासारखे. वायफायवर मी दहा मिनिटं चालवला. सरासरी ९ आली. तीनच्या तिप्पट, म्हणजे पुरायला हवं. पण मी सरासरीवर थांबले नाही, सगळे सहाशे आकडे खाली उतरत वाचले. १४, १६, ११, २, ०, ०, ०, १, १३. मधूनच असे शून्यांचे पट्टे होते, कधी तीन सेकंदांचे, कधी आठ. अण्णांची सम त्या शून्यांमध्ये जात होती. वेगाचं मोजमाप म्हणून फोनवर जो एक मोठा आकडा दाखवतात, त्यात हे शून्य कधीच दिसत नाहीत. वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास झालेली मुलं दिसत नाहीत, तसंच.

हवा म्हणजे एक वर्ग आहे, असं समजून घेतल्यावर मला सगळंच सोपं झालं. वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे एका ठरावीक वारंवारितेवर, एका क्षणी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहून आपली पाळी बघायची. आमच्या घरात काय चाललं होतं? कोठीतला संगणक वायफायने राउटरला बोलायचा, आणि तेच बोलणं राउटर पुन्हा हवेतूनच रास्पबेरी पायला सांगायचा. प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा. निम्मा वेळ तिथेच गेला. शिवाय कुणी लांबून, कमजोर सिग्नलवर बोलत असेल तर तो हळू बोलतो आणि तेवढंच सांगायला वर्गाचा जास्त वेळ खातो. कोठीतल्या संगणकाची जागा नेमकी अशी लांबची.

त्या कोठीत आणखी एक गोष्ट सापडली, तीही वहीमुळे. रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं रेकॉर्डिंग पाहिलं तर जास्त अडखळतं, असं मी तीन वेळा लिहून ठेवलं होतं. संगणकाच्या मागे निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत हार्ड डिस्क आणि तिच्या अगदी शेजारी वायफायची छोटी कांडी होती. यूएसबी ३ ची वायर काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे आमचं वायफाय चालायचं त्याच वारंवारितेच्या पट्ट्यात, गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच तसं प्रसिद्ध केलेलं आहे. मी कांडी एक मीटरच्या यूएसबी वायरवर लावून भिंतीच्या खिळ्याला टांगली. सरासरी ९ वरून १३ वर गेली, एकही पैसा खर्च न करता. डिस्क आणि वायफायची कांडी ज्यांच्याकडे शेजारी-शेजारी आहेत त्यांनी हे आजच करून पाहावं.

तरी दोनदा बोलणं बंद करायचंच होतं. कोठी आणि माजघर यांच्यामध्ये दाराच्या वर एक झरोका आहे. पूर्वी धूर जायला ठेवलेला. त्यातून दहा मीटरची वायर नेली, भिंतीच्या वरच्या कडेने खिळ्या मारून राउटरपर्यंत आणली. कुठे भोक नाही, कुणाच्या पायात नाही. कोठीतला संगणक आता कायमचा वायरीवर आला, खिळ्यावरची कांडी निघाली. हवेतून फक्त शेवटचा टप्पा उरला. आयपर्फची सरासरी २२ झाली. शून्यांचे पट्टे तोकडे झाले, पण गेले नाहीत.

पुढचे आठ दिवस चॅनेलमध्ये गेले. फोनवरच्या एका मोफत ॲपने आसपासची सगळी वायफाय नावं आणि त्यांचे चॅनेल दिसतात. सोप्यात उभं राहून मोजली तर १७ नावं, त्यातली दहा ६ नंबरच्या चॅनेलवर, आणि आमचा राउटर "ऑटो" म्हणून त्याच गर्दीत जाऊन बसलेला. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल नावाला तेरा आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावणारे तीनच, १, ६ आणि ११. आमच्याकडे १ वर दोघेच होते. चॅनेल १ ठरवून दिला आणि चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली. रुंद रस्ता जास्त वेगाचा वाटतो खरा, पण दाट वस्तीत तो दुप्पट शेजाऱ्यांच्या अंगणातून जातो. रुंदी कमी केल्यावर कमाल आकडा घसरला आणि किमान आकडा वर आला. मला किमानच हवा होता.

याच सुमारास मोबाइलचा जुना चार्जर काढून रास्पबेरी पायला अडीच ॲम्पियरचा चांगला ॲडॅप्टर दिला, कारण पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकायचं. वीज कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. आणि कोडीच्या सेटिंगच्या फाइलीत बफरची ओळ घातली, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरची फाइलही तो थोडी पुढेपर्यंत वाचून ठेवेल. २० मेगाबाइट दिले. आमच्या फाइलीचे पन्नासेक सेकंद. दादाने हा उपाय पहिल्याच दिवशी सुचवला होता. मी मुद्दाम मागे ठेवला. बफर आधी वाढवला असता तर अर्धे दोष त्याखाली झाकले गेले असते आणि ते कुठे आहेत हे मला कधीच कळलं नसतं.

शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर पूर्ण तासाची मैफल लावली. एकदाही थांबली नाही. रविवारी पुन्हा, तीच गोष्ट. मी वहीत "झालं" लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सोमवारी सकाळी चहा घेताना अण्णा सावकाश म्हणाले, "बाळ, तू इतकं केलंस, पण काल रात्री तीनदा थांबलं गं." त्यांना ते सांगायला किती जड गेलं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मंगळवारी दुपारी तपासलं, उत्तम. मंगळवारी रात्री पुन्हा थांबलं. शेजारच्यांचा वापर रात्री वाढतो म्हणावं तर रात्री साडेदहाला ॲपमध्ये उलट कमी नावं दिसत होती. बुधवारी मी रात्री अण्णांबरोबर बसायचं ठरवलं. साडेनऊपर्यंत ठीक चाललं. मग माजघरात आईने अंथरूण घातलं, दिवा मालवला. अण्णांनी खुर्चीच्या पाठीवर अडकवलेला हेडफोन घेतला, कानांवर चढवला, बटण दाबलं. दहा मिनिटांत चित्र थांबलं.

मी कितीतरी वेळ त्या हेडफोनकडे बघत राहिले. तो बिनवायरीचा. ब्लूटूथचा. मीच त्यांना वाढदिवसाला दिलेला, आईची झोपमोड होऊ नये म्हणून.

ब्लूटूथही त्याच २.४ च्या पट्ट्यात चालतं, आणि रास्पबेरी पाय ३ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमधून, एकाच इवल्याशा अँटेनावरून चालतात. दोघांना एकच तोंड. हेडफोनला आवाज सतत द्यावा लागतो, त्यात खंड चालत नाही. म्हणून वायफायला मधल्या फटींमधून बोलावं लागतं. मी लगेच आयपर्फ लावला. हेडफोन बंद असताना २२, चालू केल्यावर ४, ३, ०, ५, ०, ०. बंद केला, पुन्हा २२. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. माझी सगळी तपासणी दुपारी, मोठ्या आवाजात झाली होती आणि अण्णांचं ऐकणं रात्री, हेडफोनमधून. विज्ञानाच्या तासाला मी मुलांना सांगते की ज्या परिस्थितीत प्रश्न येतो त्याच परिस्थितीत मोजा, आणि स्वतः अडीच महिने दुपारी मोजत होते. याचं मला फार वाईट वाटलं, कारण एवढे दिवस अण्णांच्या रात्री वाया गेल्या होत्या.

उपाय दोन होते. हेडफोन वायरीचा घ्यायचा, किंवा वायफायला दुसऱ्या पट्ट्यात न्यायचं. अण्णा मधेच पाणी प्यायला उठतात, वायर कानात विसरून उठले तर पडतील. म्हणून दुसरा मार्ग धरला. आमचा राउटर ५ गिगाहर्ट्झवरही चालतो, पण रास्पबेरी पाय ३ च्या मूळ मॉडेलला तो पट्टा ऐकूच येत नाही. ती सोय २०१८ च्या ३ बी प्लसपासून आली. दादाने पुण्याहून दोन्ही पट्ट्यांवर चालणारी यूएसबीची कांडी पाठवली. मूळचं वायफाय बंद करून ती लावली. आणि काहीच मिळेना. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीतून फार कमी पार होतात, आणि आमची भिंत तर दोन फुटांची.

सितारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढताना मी लहानपणी अण्णांच्या बोटाला धरून पाहिलं आहे. कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसाएवढा सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. त्या संध्याकाळी मी राउटर हातात घेऊन माजघरात तसंच केलं. फडताळावर ठेवला, मोजलं. खुंटीवर टांगला, मोजलं. कपाटाच्या लोखंडी पत्र्याजवळ नेला तर आकडा कोसळला. शेवटी माजघराच्या दारासमोरच्या भिंतीवर, उंबरठ्यातून सरळ टीव्ही दिसेल अशा जागी, डोक्याच्या उंचीवर धरला, आणि आकडा एकदम ६५ झाला. भिंतीतून जायची गरजच नव्हती. दार उघडंच असतं, दारातून जायचं. चॅनेल ३६ दिला. तिथे आसपास कुणीच नव्हतं. अण्णांना हेडफोन चढवायला सांगितला आणि अर्धा तास आकडे बघत बसले. ६३, ६६, ६१, ६५. सर्वांत कमी आलेला आकडा ४८. शून्य एकही नाही.

इथे काम संपलं असं मला वाटलं होतं, पण आता चित्र अखंड झाल्यावर अण्णांना त्यातली बारीक खोड दिसायला लागली. "थांबत नाही आता," ते म्हणाले, "पण कॅमेरा या टोकाकडून त्या टोकाकडे फिरतो ना, तेव्हा गचके देत फिरतो. आणि तबल्यावरची बोटं पाहा, कंगव्याचे दात असावेत तशी कड दिसते." मला आधी दिसेना. मग दिसलं आणि मग तेच दिसत राहिलं.

हे वायफायचं नव्हतंच. पेनड्राइव्हवरून लावलं तरी तसंच होतं. आपल्याकडचं दूरदर्शनचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत येते: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. आमचा टीव्ही मात्र रास्पबेरी पायने ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, लावून ठेवला होता. ५० चित्रं ६० जागांत बसवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा. स्थिर बसलेल्या गायिकेवर ते कळत नाही, कॅमेरा हलला की कळतं. कोडीत प्लेअरच्या सेटिंगमध्ये, व्हिडिओखाली, चित्राप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलायचा पर्याय आहे. तो दिसला नाही तर सेटिंगची पातळी वाढवावी लागते. तो "सुरू होताना आणि थांबताना" वर ठेवला. आता रेकॉर्डिंग लावलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि टीव्ही ५० वर येतो. डीइंटरलेस, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करायची सोय, चालू केल्यावर कंगव्याचे दातही गेले. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. इतके दिवस आम्ही सगळ्याच गचक्यांना वायफायच्या नावाने बोल लावत होतो.

त्या रात्री अण्णांनी तीच श्रावणातली फाइल लावायला सांगितली. आई झोपली होती, त्यांच्या कानांवर हेडफोन होता, त्यामुळे मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत होते. मांडीवर ताल चालू होता. पहिला तुकडा, दुसरा तुकडा, मग हात वर उचलला गेला आणि पडद्यावर तबलजींचा हात खाली आला त्याच क्षणी मांडीवर आला. अण्णांनी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. "मागचा तानपुरा पाहिलास? भोपळा केवढा आहे," असं म्हणून त्यांनी रिमोट घेतला आणि तिहाई सुरू होते तिथपर्यंत मागे नेलं.